रंग नको, किक मारा

सध्या आमच्या आयटीतल्या मंडळींमध्ये एक नवी टूम निघाली आहे. गावाकडच्या घरी जिन्याखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडलेली वडिलांची स्कूटर शोधून काढायची, एखाद्या रिस्टोरेशनवाल्याकडे टाकायची आणि चार महिन्यांनी दोन फोटो लावायचे. डावीकडच्या फोटोत गंजलेली, चाकं बसलेली, सीटवर मांजर झोपलेलं. उजवीकडच्या फोटोत आरशासारखी लखलखीत, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, तपकिरी शिवणीची सीट. खाली "बाबांना सप्रेम" वगैरे दोन ओळी. की दोनशे बदाम आलेच!

फोटो छान असतात, वादच नाही. पण मला दर वेळी एक प्रश्न पडतो. उजवीकडची गाडी नक्की कुणाची? कारण बाबांची गाडी तर डावीकडची होती.

तर आजचं माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा रविवार वाचेल. घरातली जुनी गाडी नवी करू नये, चालू करावी. या दोन गोष्टी एक नाहीत. चालू करायचीच नसेल तर रीतसर भंगारात द्यावी, त्यातही काही पाप नाही. आणि जे काय करायचं ते, ती गाडी चालवणारा माणूस घरात आहे तोवर करावं.

आमच्याकडे आहे १९८६ची चेतक, मुक्काम सातारा. ज्यांचा जन्म उदारीकरणानंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. बजाज आधी इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबरच्या करारानं वेस्पा बनवायचे. तो करार १९७१ला संपला आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. तेव्हा शोरूममध्ये जाऊन गाडी आणता येत नसे. नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वाट बघायची. लायसन्स-परमिटच्या त्या काळात कारखान्यानं किती गाड्या बनवायच्या हेसुद्धा सरकार ठरवत असे, त्यामुळे काही वर्षं वाट बघणं हे अगदी नेहमीचं होतं. साताऱ्यात तर आणखी गंमत. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, तिचा कारखाना आमच्या गावात. तिथं 'प्रिया' बनायची. त्यामुळे आमच्या आळीत प्रियावाले आणि चेतकवाले असे दोन पक्ष होते आणि कुणाची गाडी यवतेश्वरचा घाट डबलसीट दम न खाता चढते, यावर कट्ट्यावर तासन् तास चर्चा चालायची.

बाबांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. गाडी दारात आली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. पुढची वीस वर्षं त्या गाडीनं काय नाही वाहिलं! पुढे मी उभा, मागे आई, आईच्या मांडीवर ताई, डिकीत भाजी, पायांमध्ये गॅसचं सिलिंडर. २००१ला नोंदणीची १५ वर्षं संपली, बाबांनी ५ वर्षांसाठी वाढवून घेतली. २००६ला तीही मुदत संपली, तोवर बाबांचा गुडघाही गेला होता आणि ताईकडे बिनगिअरची गाडी आली होती. चेतक मागच्या शेडमध्ये गेली ती गेलीच.

गेल्या दिवाळीत विषय निघाला. आईचं म्हणणं, "ते भूत आधी बाहेर काढा, मला शेगडी ठेवायला जागा नाही." ताईचं म्हणणं, पुण्यात नेऊन पूर्ण रिस्टोअर करू, बाबांच्या पंचाहत्तरीला सरप्राईज. आम्ही पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये चौकशी केली. आकडा ८५ हजार. सगळा पत्रा उघडा करणार, डेंट काढणार, ओव्हन पेंट, सगळं क्रोम नवं. मी विचारलं, "डिकीच्या झाकणाच्या आत जे लिहिलंय त्याचं काय?" ते म्हणाले, "ते जाणारच ना सर. गाडी शोरूम कंडिशन पाहिजे ना तुम्हाला?"

आता डिकीत काय लिहिलंय ते सांगतो. बाबांनी बारीक ब्रशनं, पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये, गिअर ऑइल बदलल्याची प्रत्येक तारीख आणि तेव्हाचं रीडिंग लिहून ठेवलंय. १९८६ ते २००५. सुरुवातीचे आकडे टपोरे, रेघेवर बसवलेले. शेवटचे थोडे थरथरलेले. मी रोज पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि आमच्या धंद्यात इतका इमानदारीनं ठेवलेला चेंजलॉग मी पाहिलेला नाही. ८५ हजार देऊन तो खरवडून काढायचा?

बाबांना विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला, "चालेल का?" दिसेल कशी, हे त्यांनी विचारलंच नाही.

मला वाटतं, इथंच सगळं आलं. राजेमहाराजांच्या रोल्स रॉईसची गोष्ट वेगळी. ती मुळात दाखवण्यासाठीच घेतलेली असते, त्यामुळे तिला दाखवण्यासाठी पुन्हा सजवलं तर तिचा हेतू पुरा होतो. मध्यमवर्गीय घरातली स्कूटर कामासाठी घेतलेली असते. तिचं मोल ती काय काय करून झिजली यात आहे. फूटबोर्डवर माझ्या टाचांनी गेलेला रंग, घाटात दगडाला घासलेलं इंजिनाच्या बाजूचं पॅनल, पतपेढीचा अर्धा उरलेला स्टिकर. हे काढून टाकलं की उरते ती एक कुठलीही चेतक. तशी तर बाजारात विकत मिळते!

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. जुन्या गाड्यांची 'फिवा' म्हणून एक जागतिक संघटना आहे. तिच्या ट्यूरिन सनदेचा भरही आहे ते जपण्यावर आणि कमीत कमी हात लावण्यावर. नवं करण्यावर नाही. जुन्या देवळाला ऑइल पेंट फासला की आपण हळहळतो. मग स्कूटरनं काय घोडं मारलंय?

बरं, 'चालू करणं' म्हणजे नुसती बॅटरी घालून किक मारणं नव्हे. वीस वर्षं पडलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी जोरात किक मारली तर किकचे दाते तुटू शकतात किंवा पिस्टनची वाट लागू शकते. कामाला एक क्रम आहे. साताऱ्यातल्या आमच्या मिस्त्रींनी तो मला समजावला, आणि तो मला डीबगिंगपेक्षा फारसा वेगळा वाटला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग तपासा, मग पुढे जा.

सगळ्यात आधी इंजिन नाही, पत्रा बघायचा. कारण या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. १९४६ची मूळ वेस्पा ज्यानं काढली तो कोरादिनो द'आस्कानियो हा विमानं-हेलिकॉप्टरवाला इंजिनिअर. विमानाच्या अंगासारखं स्कूटरचं अंग त्यानं घडवलं आणि ती रचना चेतकपर्यंत चालत आली. म्हणून फूटबोर्ड खालून गंजून जाळी झाला असेल तर तो नुसता दिसायचा प्रश्न उरत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. मिस्त्रींनी आडवं पडून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं सगळीकडे ठोकून पाहिलं. जिथं आवाज बद्द आला तिथं खूण केली. दोनच जागा निघाल्या, तिथं पत्रा जोडला आणि तेवढ्याच भागाला रंग दिला. गंज थांबवायला रंग हवाच, माझा विरोध आहे तो शाबूत रंग खरवडण्याला. पण कणाच गेला असता तर? तर मी तिथंच थांबलो असतो. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो, ४० हजार घातल्यावर नाही.

मग इंजिन. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं आणि चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी पंखा हातानं हळूहळू हलवून पाहिला. आधी केसभर, मग बोटभर, मग पूर्ण फेरा. टाकी उतरवून तिच्यात रॉकेल आणि मूठभर बारीक खडी घालून खुळखुळवली. जो लाल चिखल बाहेर आला तो पाहून आईनं अंगण धुवायला लावलं ते वेगळंच. कार्बोरेटर खोलून जेट साफ केले. पॉइंट आणि कंडेन्सर नवे. क्लच प्लेट एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, त्या बदलल्या.

पण टू-स्ट्रोकमध्ये खरी मेख आहे ती क्रँकच्या दोन ऑइल सीलमध्ये. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. वर्षानुवर्षं पडून सीलचं रबर कडक होतं. मग एकीकडून जादा हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. दुसरीकडून गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर सोडत बसते. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही. सील स्वस्त असतात, पण बदलायचे तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. चकचकीत रंग दिलेली गाडी महिन्याभरात बंद पडली की सर्वात आधी इथं शंका घ्यावी.

आणि जिथं जिवाशी गाठ आहे तिथं भावना बाजूला. टायर, ट्यूब, ब्रेक लायनर, सगळ्या केबल, सगळं वायरिंग नवं. जुन्या वायरींचं वेष्टण हाताला लागलं की भुगा होत होतं. बाबांनी आणलेला टायर आहे म्हणून कुणी त्यावर घाटात जाऊ नये!

नऊ रविवार लागले. मजुरीसकट खर्च २३ हजारांच्या आत.

आता त्या तिसऱ्या मुद्द्याकडे येतो, गाडी चालवणारा माणूस घरात असण्याच्या. आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' म्हणून एक शब्द आहे. टीममधले किती लोक उद्या अचानक नाहीसे झाले तर प्रोजेक्ट बसेल, तो आकडा. आमच्या चेतकचा बस फॅक्टर होता एक. मिस्त्री यंत्र जाणत होते, पण ही गाडी बाबाच जाणत होते. खुर्ची टाकून अंगणात बसायचे आणि मधूनच एखादं वाक्य टाकायचे. दुसऱ्या गिअरवरून न्यूट्रल सापडत नाही, आधी पहिल्यावर ये. चोक ओढून दोन किक, चोक बंद करून तिसरी. घर जवळ आलं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा, शेवटचे दोनशे मीटर कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर यायचं.

ही शेवटची सवय मला लहानपणी कंजूषपणा वाटायची. आज तिची किंमत जास्त आहे. २०२५मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये असं पेट्रोल साचू न देणं हाच उत्तम उपाय. म्हणजे १९८६च्या सवयीनं २०२५चा बग सुटला. पण ही गोष्ट कुठल्याही मॅन्युअलमध्ये मला अशी सापडली नसती. आणखी दहा वर्षं थांबलो असतो तर ती विचारायची कुणाला?

कागदांचंही तेच. मालक हयात असेल तर त्यांची सही मिळते आणि काम सरळ होतं. नंतर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१, बाकीच्या वारसांची संमती, मृत्यूचा दाखला असं सगळं लागतं. कागद नीट करताना घरच्यांना जे बोलावं लागतं, ते कुणाला नको असतं.

कागदांचा विषय निघालाच आहे तर माझी एक तक्रार सरकारदरबारी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते वाईट नाही, जुनी गाडी तपासलीच पाहिजे. दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२मध्ये ३०० रुपयांवरून १००० झालं आणि ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकींसाठी २००० झालं. शिवाय पर्यावरण कर, विलंब शुल्क, विमा, पीयूसी. आम्ही गाडी टेम्पोत घालून तपासणीला नेली आणि हे सगळं भरलं. दुसरीकडे जुलै २०२१मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. नोंदणी शुल्क २० हजार, १० वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. छान आहे. पण विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी! आमची चेतक विंटेज होणार २०३६नंतर.

म्हणजे १५व्या वर्षी गाडी म्हातारी आणि ५०व्या वर्षी वारसा. मधली ३५ वर्षं ती नुसतीच अडचण. आणि लायसन्स राजमधल्या मध्यमवर्गाच्या बहुतेक गाड्या, चेतक, लुना, राजदूत, येझदी, पद्मिनी, नेमक्या या दरीत पडून आहेत. ५० वर्षांची कसोटी पार करतात त्या कुणाच्या गाड्या? ज्यांच्याकडे गॅरेज होतं आणि गाडी पुसायला माणूस होता त्यांच्या. 'फिवा' ३० वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक मानते. जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीच्या नंबरापुढे 'एच' लागतो. आपल्याकडेही ३० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या आणि वर्षाला मोजकेच किलोमीटर चालणाऱ्या गाड्यांचा एक वर्ग का असू नये? तपासणी कडक करा, वापरावर मर्यादा घाला, पण नाव द्या.

आता तुम्ही म्हणाल, "टू-स्ट्रोकच्या धुराचं काय?" रास्त प्रश्न आहे. टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, हे त्याच्या रचनेतच आहे. म्हणून माझं म्हणणं ती रोज ऑफिसला न्या असं अजिबात नाही. रोजच्यासाठी इलेक्ट्रिक घ्या ना. बजाजनं ऑक्टोबर २०१९मध्ये आणलेल्या इलेक्ट्रिक गाडीचं नावही चेतकच आहे. जुनी रविवारी काढावी, लिटरला २० मिली ऑइल मोजून घालावं ('थोडं जास्त बरं' असं म्हणत धूर करू नये) आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी. यंत्र चालतं ठेवायला तेवढं पुरतं.

आणि हेही जमणार नसेल, जागा नसेल, वेळ नसेल, मनच नसेल, तर? तर ती भंगारवाल्याला गुपचूप किलोवर देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, सर्टिफिकेट घ्या आणि आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्या. नाही तर गाडी गेली तरी तिचा नंबर तुमच्या वडिलांच्या नावावरच राहतो आणि उद्या त्या नंबरानं कुणी काय करेल ते सांगता येत नाही. देण्याआधी एक काम करा, डिकी उघडून आत बघा. हिशेबाचा कागद, जुनी चिल्लर, एखादी तारीख, काहीतरी असतंच.

थोडक्यात काय, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा रंगाचं शेडकार्ड नेऊ नका. एक हातोडी, एक प्लग पाना आणि एक वही न्या. हातोडीनं पत्रा ठोकून बघा. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा. आणि वही घेऊन वडिलांच्या शेजारी खुर्ची टाका. तिन्हीतलं वहीचं काम सर्वात आधी करा, कारण पत्रा आणि इंजिन आणखी काही महिने थांबू शकतात.